डोलणारा नंदी: तान्ह्या पोळ्यासाठी एका लाकडी खेळण्याच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

भाचीला यंदा तान्ह्या पोळ्याला मान हलवणारा नंदी हवा आहे. मागच्या वर्षी नागपूरच्या महाल भागातून आणलेला सागाचा नंदी तिचा लाडका आहे, पण "तो कोणाकडे बघतच नाही, मावशी," ही तिची तक्रार. सहा वर्षांच्या पोरीने इतकं नेमकं काम सांगितल्यावर नाही म्हणवेना.

पोळा २२ ऑगस्टला, तान्हा पोळा २३ ला. बरोबर सात आठवडे हातात आहेत, तेही ऑफिस सांभाळून.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा, आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा. चाकं लावलेल्या पाटीवर उभे असलेले लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत मुलं देवळापुढे किंवा मैदानात जमतात. तोरण तुटलं की नंदी घेऊन घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली असं आमच्याकडे सांगतात. त्यांचा काळ १७८८ ते १८१६. म्हणजे नागपुरातली पोरं दोनशे वर्षांपासून लाकडी बैल ओढताहेत. त्या रांगेत आपला बैल उभा करायचा तर तो धड हवा.

आज एवढंच ठरवलं: बॅटरी नाही, मोटर नाही. दोरी ओढली की चाक फिरेल, चाकाच्या जोरावर मान हलेल. आणि आतली रचना बाहेरून दिसली पाहिजे.

६ जुलै, रविवार

दिवसभर कागदावर बैल. बाजूने दिसणारी आकृती गवळाऊ जातीची घेतली. वर्धा-नागपूरकडचा आपलाच बैल आहे, पांढरा, लांबट तोंडाचा. दुसरं कारण कामाचं: गवळाऊची शिंगं आखूड आणि बोथट असतात. खिल्लारची लांब टोकदार शिंगं चित्रात देखणी दिसतात, पण ४ मिलिमीटर प्लायमध्ये कापली तर पहिल्याच आपटण्यात मोडतील.

संध्याकाळी आकृती घेऊन गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेले. पोळ्याआधीचे दोन महिने त्यांच्या दुकानात नंदीच नंदी असतात. त्यांनी कागद लांब धरला, डोळे बारीक केले.

"मान नंतर पाह्य वं पोरी. आधी वशिंड पाह्य. वशिंड जागेवर बसलं तं तो बैल झाला."

माझं वशिंड पाठीच्या मधोमध गेलं होतं. त्यांनी पेन्सिलीने ते खांद्यावर आणलं, गळ्याखालची पोळी दोन बोटं खाली ओढली, आणि कागदावर बैल उभा राहिला. मी सकाळपासून आठ तास जे शोधत होते ते त्यांनी दोन रेघांत दिलं.

१२ जुलै, शनिवार

लेझर कटिंगच्या दुकानात पहिली फेरी. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या कापणारं छोटं दुकान, ८० वॉटचं कार्बन डायऑक्साइड लेझर. मशीन चालवणारा मुलगा धीराचा आहे, प्रश्न विचारले तर कंटाळत नाही.

आज बैल कापायचाच नव्हता, फक्त मापं काढायची होती. लेझरचा किरण रेघेवरून जाताना स्वतःच्या जाडीएवढं लाकूड जाळतो. ती जाडी कळल्याशिवाय खाचा बसत नाहीत. म्हणून १० मिमी रुंदीच्या १० पट्ट्या शेजारी शेजारी कापल्या, एकमेकींना चिकटवून धरल्या आणि व्हर्नियरने मोजलं. १०० ऐवजी ९८.१ भरल्या. १.९ भागिले १०, म्हणजे एका कापात ०.१९ मिमी लाकूड जातं.

मग एक फणी कापली: ११ खाचा, ३.५० पासून ४.०० पर्यंत, ०.०५ च्या पायरीने. बर्च प्लाय नावाला ४ मिमी, पण व्हर्नियर ३.९ सांगतो. तो तुकडा एकेका खाचेत घालून पाहिला. ३.६५ मध्ये हातोडी लागली, ३.७५ मध्ये हलत होता, ३.७० मध्ये अंगठ्याच्या दाबाने सर्रकन गेला आणि उलटा धरला तरी पडला नाही. आकड्यांचाही मेळ बसतो: ३.७० अधिक ०.१९ म्हणजे ३.८९.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की हा आकडा त्या शीटचा आणि त्या दिवसाचा असतो. शीट बदलली की फणी पुन्हा कापायची. दहा मिनिटं जातात, पण बाकीचा दिवस वाचतो.

आणखी दोन गोष्टी तिथे कळल्या. फर्निचरसाठी मिळणारं वॉटरप्रूफ प्लाय लेझरला नको. त्यातला गडद डिंक जळून कोळसा होतो आणि किरण पार जात नाही. आणि शेजारचे एक गृहस्थ रेक्झिन कापायला घेऊन आले होते, त्यांना त्या मुलाने ठाम नकार दिला. रेक्झिनवर बहुतेक पीव्हीसीचा थर असतो, तो जाळला की क्लोरीनयुक्त वायू निघतो, छातीलाही वाईट आणि मशीनलाही. अशा ठिकाणी काम द्यायला मन तयार होतं.

१९ जुलै, शनिवार

पहिला नमुना, स्वस्त एमडीएफमध्ये. रचना अगदी साधी: मागच्या अक्षावर मध्य सोडून भोक पाडलेली गोल तबकडी, म्हणजेच कॅम. भोक मध्यापासून ५ मिमी बाजूला, त्यामुळे एका फेरीत तबकडी १० मिमी वर-खाली होते. तिच्यावर मानेच्या तरफेचं मागचं टोक टेकलेलं. तरफेचा खिळा खांद्यात, टोकापासून ४० मिमीवर. हिशेबाने मान सुमारे १४ अंश फिरते आणि नाकपुडी साधारण १७ मिमी वर-खाली जाते. एवढ्या आकाराच्या बैलाला शोभेल इतकी.

जुळवला, ओढला, मान हलली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग भाचीने ओढला. तिच्या हातात तो नंदी थंडी भरल्यासारखा थरथरायला लागला.

कारण लगेच कळलं. चाकाचा व्यास ८० मिमी, म्हणजे परीघ २५ सेंटिमीटर. दर २५ सेंटिमीटरला एक होकार. भाची गॅलरीतलं ६ मीटर अंतर ९ सेकंदांत जाते, सेकंदाला ६६ सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला अडीचपेक्षा जास्त वेळा मान हलते. असा बैल कोणी पाहिलाय? मान हलणं वेगळं आणि डोलणं वेगळं. मला डोलणं हवं आहे, आणि त्यासाठी बैल किती वेगाने डोलतो ते आधी माहीत हवं.

२० जुलै, रविवार

काटोलकडे मामांच्या गावी जाऊन आले. मुद्दाम बैलबंडीच्या मागे चालत मोजलं. मोकळी बंडी, बैल आपल्या चालीने. १० सेकंदांत मान आठ-नऊ वेळा खाली जाते. तीन वेळा मोजलं, तेवढंच आलं. मामांना वाटलं बैलाला काही झालंय, म्हणून मी बघतेय.

परत येताना बसमध्येच हिशेब झाला. सेकंदाला ६६ सेंटिमीटर आणि १० सेकंदांत आठ-नऊ होकार, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटरला एक. चाक २५ सेंटिमीटरला एक फेरी घेतं. तीनाला एक. चाकाच्या तीन फेऱ्यांत कॅमची एक फेरी. आकडा असा स्वच्छ निघाल्याचा आनंद कोंढाळीपासून घरापर्यंत पुरला.

२७ जुलै, रविवार

तीनाला एक म्हणजे गिअर आले. लहान अक्षावर, मोठा त्याच्या वर बैलाच्या पोटात.

पहिला प्रयत्न १० आणि ३० दात्यांचा. मोठ्या दात्यांचा गिअर मजबूत असेल असं वाटलं होतं, झालं उलटं. बाजूंचा कल २० अंश असलेल्या नेहमीच्या दात्यांमध्ये १७ पेक्षा कमी दाते घेतले की दात्याचं मूळ आतून कोरलं जातं, कंबर बारीक होते. माझ्या १० दात्यांच्या गिअरचे दोन दाते हातात फिरवतानाच गेले.

दुसरा प्रयत्न १५ आणि ४५, मोड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) १.५. मध्यवर्तुळांचे व्यास २२.५ आणि ६७.५, दोन अक्षांमधलं अंतर ४५ मिमी. पंधरा दात्यांतही मूळ थोडं कोरलं जातंच, पण लाकडाला झेपेल इतकं. प्रत्येक गिअर दोन थरांचा केला, वरच्या थराचे रेषे खालच्याला आडवे, मध्ये फेविकॉल. वजन ठेवून रात्रभर दाबला.

इथे एक गोष्ट आपोआप साधली. खाचांसाठी मी लेझरच्या जाडीची भरपाई करते, गिअरसाठी मुद्दाम केली नाही. त्यामुळे प्रत्येक दाता ०.१९ मिमीने बारीक होतो आणि दोन दात्यांमध्ये पावणेचार दशांश मिलिमीटरची ढील राहते. धातूच्या गिअरला ती फार झाली असती. पावसाळी हवेत फुगणाऱ्या लाकडाला तेवढी मोकळीक हवीच. दाते एकमेकांत बसताना बारीक टकटक आवाज येतो, वाळलेल्या चिंचेच्या आकड्यासारखा.

एमडीएफला मात्र आज रामराम. खिडकीजवळ चार रात्री राहिलेला पहिला नमुना कडांना फुगला आहे. अक्षाची भोकं इतकी आवळली की चाक फिरेना.

२ ऑगस्ट, शनिवार

आता प्लायमधला दुसरा नमुना. वेग अगदी हवा तसा. घरातल्या फरशीवर बघत राहावं असं डोलतो. पण खाली फाटकाबाहेर, सिमेंटच्या रस्त्यावर नेला की बिघडतं. तरफ कॅमवर नुसती टेकलेली आहे, तिला धरून ठेवणारं काही नाही. खडा लागला की डोकं उडतं आणि टक्कन आदळतं.

उपाय बेचक्याचा. तरफेच्या टोकाला गलोलीसारखं बेचकं, कॅम त्याच्या दोन बोटांच्या मधे. मग कॅम वर जाताना ढकलतो आणि खाली येताना ओढतो, डोकं मोकळं सुटत नाही. उलटं ओढलं तरी चालतं, आणि मुलं उलटं ओढतातच.

यात माझा एक हट्ट मोडला. मला मान सावकाश वर आणि जरा झटकन खाली हवी होती, म्हणून कॅम अंड्याच्या आकाराचा काढला होता. बेचक्यात तो अडकला. असं का, हे कागदावर पट्टी फिरवून पाहिल्यावर उमगलं. गोल तबकडी कुठल्याही बाजूने मोजा, रुंदी तीच भरते. म्हणून दोन समांतर बोटांमध्ये ती फिरती राहते, बेचकं तिरकं झालं तरी. अंड्याची रुंदी दर कोनाला बदलते. म्हणजे इथे कुठूनही सारखीच रुंदी भरणारा आकार हवा, आणि त्यातला सगळ्यात सोपा गोलच. शाळेत वर्तुळाची व्याख्या पाठ केली होती, तिचा उपयोग हाताला आज लागला.

कॅमचा व्यास ३०, बेचक्याचं तोंड ३०.३. बोटांच्या आतल्या बाजूला मेणबत्ती घासली.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा, घर भरलेलं. सगळ्या पोरांनी मिळून नंदीची परीक्षा घेतली आणि तासाभरात दोन दोष काढले.

पहिला: बैठकीतल्या गुळगुळीत फरशीवर चाकं फिरतच नाहीत, नुसती घसरतात. गिअर फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढी पकड चाकाला नाही.

दुसरा: वळताना कुरकुर करून अडतो. मागची दोन्ही चाकं मी एकाच अक्षाला पक्की केली होती. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं आणि आतल्याला कमी. एकाच अक्षाला बांधलेल्या दोघांना ते जमत नाही, मग एक फरफटतं.

१० ऑगस्ट, रविवार

डावं चाक अक्षाला पक्कं, उजवं मोकळं. वळण सुटलं.

पकडीसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद कड्या कापून मागच्या दोन्ही चाकांवर ताणून चढवल्या. पाटीखाली, मागच्या अक्षाच्या वरच, १२० ग्रॅमची लोखंडी पट्टी लावली. वजन पकड लागते तिथेच पडलं पाहिजे. आता आईच्या पॉलिश केलेल्या कोटा फरशीवरही चालतो.

लहान गिअर आतापर्यंत फक्त फेविकॉलवर होता आणि काल पोरांनी ओढताना तो अक्षावर सुटला. गिअर आणि अक्ष यांच्यातून आरपार दीड मिलिमीटरचं भोक पाडून खिळा घातला. हे सुतारकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डिंकावर सोडू नको." ऐकायला हवं होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

अखेरचं कटिंग. उद्या सुट्टी, म्हणून ऑफिसातून दोन तास लवकर निघाले.

फाइल देण्याआधी एकावर एक पडलेल्या रेघा काढून टाकल्या. गेल्या वेळी वशिंडाची रेघ दोनदा होती, लेझर दोनदा गेलं आणि तेवढीच कड काळीठिक्कर झाली. शीटवर दोन्ही बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावली की धुराचे डाग पट्टीवर बसतात. ती सोलायला वेळ लागतो, पण खालचं लाकूड लोण्यासारखं निघतं.

सगळ्यात जास्त वेळ झुलीला दिला होता. मोठा गिअर पायांच्या मधून आणि पोटाबाहेर डोकावतो, त्याला झाकायला दोन्ही अंगांना प्लायची झूल. पण झाकायचं तर नव्हतंच. म्हणून झुलीला जाळी कापली: चौकटीत चौकट, मधे आठ पाकळ्यांचं फूल, खालच्या काठाला गोंड्यांची रांग. फुलाच्या मधोमध मोठ्या गिअरचा अक्ष येतो. नंदी चालला की जाळीमागून दाते सरकताना दिसतात. झूल नुसती खाचेत अडकवली आहे, मुलाला बोटाने काढता येते आणि परत बसवता येते.

१७ ऑगस्ट, रविवार

जळलेल्या कडा ओल्या फडक्याने आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या, नाहीतर पोरांचे हात काळे. शिंगांची आणि पाटीची टोकं गोल केली. मग घाण्यावरच्या जवसाच्या तेलाचे दोन हात. बाजारातल्या बॉइल्ड तेलात सुकवणारी रसायनं असू शकतात, ती मुलांच्या वस्तूला नकोत. कच्चं तेल वाळायला दिवस घेतं, घेऊ दे. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. तारेवर पसरून वाळवली.

शिंगांना खऱ्या बैलांना लावतात ते हिंगूळ लावायचा भाचीचा विचार होता. हिंगूळ हे पाऱ्याचं संयुग, म्हणून गेरू दिला. तिने जीभ बाहेर काढून, श्वास धरून दोन्ही शिंगं रंगवली. एक ओघळ डोळ्यापर्यंत आला आहे. तो पुसायचा नाही असं ठरलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आजीने भाचीला हे सांगितलं आणि वाटी हातात दिली.

मी आले तेव्हा नंदीच्या खांद्यावर, बरोबर मानेच्या खिळ्यावर, हळद-तुपाचा जाड लेप होता. "दुखत असेल ना गं त्याला, किती मान हलवली," ती म्हणाली. आत तूप गेलं तर धूळ धरणार, खिळा जाम होणार, हे सगळं मला दिसत होतं. खिळा काढून फक्त भोक पुसून घेतलं, पुन्हा मेण घातलं. लाकडावरचा पिवळा डाग ठेवला.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी इतवारीत मारबत, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे, बघून आलो. काळी आणि पिवळी दोन्ही. पावसाची एक सर येऊन गेली, त्यामुळे दुपारी मैदान ओलं. नंदीच्या गळ्यात घुंगरू, कपाळाला बाशिंग, पाठीवर पुरणपोळीचा चिमुकला तुकडा दोऱ्याने बांधलेला, हे आजीचं.

मैदानात चाळीसेक नंदी असतील. सागाचे, आंब्याचे, दोन तर माझ्या कमरेएवढे. आमचा त्यांच्यापुढे वीतभर. चिखलात डावं चाक दोनदा अडलं, ट्यूबच्या कडीने काढलं. तोरणाखालून जाताना तो आपल्या चालीने डोलत गेला. बाजूला उभ्या असलेल्या एका आजोबांनी वाकून त्याच्या कपाळाला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला.

मला बघायची होती ती गोष्ट वेगळी. भाची सुरुवातीला पळत होती, मान लगबगीने हलत होती. मग तिने मागे वळून पाहिलं, पाय आखडले, पुन्हा पाहिलं. पुढचा सगळा रस्ता ती बंडीच्या बैलासारखी चालली, दर पावलाला मागे बघत. मामांच्या गावी मोजलेला तोच वेग.

सुतारकाका त्यांच्या नातवाला घेऊन आले होते. त्यांनी झूल काढली, गिअरवर अंगठा फिरवला, बेचकं हलवून पाहिलं. मग विचारलं, "हे नकाशे देशील का मले? सागात कोरून पाह्यतो." रात्री फाइल छापून मूळ मापात कागद काढले आहेत. कटिंगची भरपाई काढून टाकली, त्यांना पटाशीने करायचं आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

उघडून धुतला, म्हणजे पुसला. मोठ्या गिअरच्या दात्यांत चिखल आणि गुलाल, एकही दाता मोडलेला नाही. बेचक्याचं तोंड ३०.३ होतं, आता ३०.५. कडी एका जागी फाटत आली आहे, दुसरी कापून ठेवली. बोजाऱ्याचे १४० रुपये झाले, त्यातले दहा भाचीने लेझरवाल्या दादासाठी वेगळे काढले आहेत. शेपूट अजून स्थिर आहे. तिचं म्हणणं आहे की पुढच्या वर्षी नंदीचं शेपूटही हललं पाहिजे, पण मानेसोबत नाही, "मधे मधे". मोठ्या गिअरच्या दुसऱ्या अंगाला एक खुंटी बसेल एवढी जागा आहे, मोजून पाहिली. ११ मिमी.